चिप कुठेही जाते, फिल्टर जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदाचं सदर सुरू केलंत त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू, कारण हल्ली पेपरात सोल्डरिंगचा स शब्दसुद्धा दिसत नाही. पण मागच्या आठवड्यात जो लेख आला ना, घरच्या घरी लो-पॉवर वाइड-फ्रिक्वेन्सी रेडिओ मॉड्यूल बनवा म्हणून, तो वाचून माझ्या भाचीने ते मॉड्यूल दोन संध्याकाळींत बनवलं पण, आणि तेव्हापासून मी तुम्हाला लिहीन लिहीन म्हणतोय. सर्किट चूक नाहीये. अर्धवट आहे. आणि जे अर्धं गाळलंय तेच नेमकं महत्त्वाचं होतं असं माझं म्हणणं आहे.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसआय ५३५१ नावाची एक बारकी चिप येते, तिच्या शेजारी २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीने थरथरणारा पार्ट), एक छोटा मायक्रोकंट्रोलर (कोड चालवणारी चिप), चार वायरी, झालं. चिपच्या आत पीएलएल (फ्रिक्वेन्सी पटीत वाढवणारं सर्किट) असतो, तो क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी वर ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमधे कुठेतरी नेतो आणि मग हव्या त्या आकड्याने भागून खाली आणतो. म्हंजे १० मेगाहर्ट्झ पाहिजे तर २५ गुणिले ३६ झाले ९००, भागिले ९०, आले १०. हिशोब असा सरळ. काही किलोहर्ट्झपासून १६० मेगाहर्ट्झपर्यंत कुठलीही फ्रिक्वेन्सी कोडमधला एक आकडा बदलून मिळते, आणि हे ज्याने एकेकाळी हाताने कॉइल गुंडाळून, ती मेणाने चिकटवून, तरी पाच मिनिटांत फ्रिक्वेन्सी सरकलेली बघितलीये त्याला जादूच वाटणार. मलाही वाटली, खोटं कशाला बोलू.

पण आता इथेच गोम आहे. लेखात वाइड-फ्रिक्वेन्सी हा शब्द सात-आठ वेळा आलाय, आणि दर वेळी तो चिपबद्दल आलाय. रेडिओ मॉड्यूल म्हंजे नुसती चिप नव्हे हो. चिपच्या पुढे नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा फिल्टर असतो, त्याच्या पुढे अँटेना असते, आणि ह्या दोघांना कोड कळत नाही.

चिपमधून जे बाहेर येतं ते गोलसर साइन वेव्ह नसतं, चौकोनी वेव्ह असतं. आणि चौकोनी वेव्हमधे मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिची तिप्पट, पाचपट, सातपट अशी सगळी विषम पिल्लं असतात. तिपटीचं व्होल्टेज मूळच्या एक तृतीयांश, पाचपटीचं एक पंचमांश, असं उतरत जातं. पॉवरमधे मोजलं तर तिपटीवर मूळच्या एक नवमांश. चिप ५० ओहमच्या लोडमधे साधारण १० मिलिवॉट देते, म्हंजे तिसऱ्या हार्मोनिकवर, त्या तिपटीवर, मिलिवॉटभर सहज निघते. आता तुम्ही म्हणाल मिलिवॉटभर म्हंजे काय, डासाची पादत्राणं. थांबा, त्याच्यावर येतो.

भाचीचं मॉड्यूल चालू झालं तेव्हा ती उड्या मारत आली, मामा चालतंय, ३३ मेगाहर्ट्झ लावलेत, मीटर तेवढंच दाखवतोय. मी काही बोललो नाही. कपाटातला जुना एफएम रेडिओ काढला, ९९ वर लावला, तिथे कुठलंच स्टेशन नव्हतं, नुसती सूऽऽ अशी खरखर. तो तिच्या ब्रेडबोर्डापासून (सोल्डर न करता पार्ट खोचायचा भोकांचा बोर्ड) हातभर अंतरावर ठेवला आणि खरखर एकदम बंद. रेडिओ गप्प. तिला वाटलं सेल गेला. मग तिला म्हटलं आता तुझ्या मॉड्यूलची वायर काढ, काढली की सूऽऽ परत. लाव, गप्प. काढ, सूऽऽ. तीन-चारदा करून बघितल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ना ते बघण्यासारखं होतं, कारण ३३ त्रिक ९९ हे तिचं तिलाच कळलं, तिपटीवरच्या कोऱ्या सिग्नलनेच खरखर दाबली होती. मग मी १९.८ लावायला सांगितलं, परत गप्प. १९.८ पंचे ९९. मॉड्यूलला अँटेनासुद्धा नव्हती, दोन बोटं लांबीची एक जंपर वायर होती फक्त, तेवढी पुरली.

हा प्रयोग लेखात असता तर दहा ओळींत सगळं सांगून झालं असतं.

आता डासाच्या पादत्राणांचं. समजा कोणी हौशी मुलाने टेस्टिंगसाठी म्हणून ४०.५ मेगाहर्ट्झ लावले, काही कारण नाही, आकडा बरा वाटला म्हणून. त्याची तिप्पट १२१.५. ही फ्रिक्वेन्सी विमानांच्या संकटातल्या कॉलसाठी जगभर राखून ठेवलेली आहे, तिथे चोवीस तास कान लावून बसतात. २४.३ लावले तरी पाचपटीने तिथेच. त्या मुलाला बिचाऱ्याला १२१.५ ही फ्रिक्वेन्सी अस्तित्वात आहे हेही माहीत नसणार, त्याच्या कोडमधे तो आकडा कुठेच नसणार. आणि मिलिवॉट म्हणून दुर्लक्ष करायचं तर दुसरी गोष्ट ऐका. हॅम लोक, म्हंजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे, डब्ल्यूएसपीआर म्हणून क्षीण सिग्नल पाठवायची एक पद्धत वापरतात, २००८ मधे जोसेफ टेलर यांनी काढली, हे तेच टेलर ज्यांना १९९३ मधे फिजिक्सचं नोबेल मिळालं. त्यात ५० बिट्सचा एवढासा निरोप जवळजवळ दोन मिनिटं घेऊन सावकाश पाठवतात, आणि ह्याच चिपमधून निघालेल्या १०-१० मिलिवॉटवर ते सिग्नल काही हजार किलोमीटर लांब पकडले गेलेत. अर्थात त्यांना बरी अँटेना असते, ऐकणाऱ्याकडे कॉम्प्युटर असतो, सगळं खरं. पण लो-पॉवर म्हंजे आपोआप निरुपद्रवी असं जे लेखातून डोक्यात बसतं ते बसू नये एवढंच. ट्रान्समिट करायचं तर परवाना लागतो, जिथे राहता तिथले नियम बघा, हे एक वाक्य तरी चौकटीत छापायला हवं होतं.

बरं मग फिल्टर म्हंजे फार मोठं काही असतं का, तर नाही. तीन कपॅसिटर, दोन कॉइल. ७ मेगाहर्ट्झच्या हॅम बँडसाठी करायचा तर ८ मेगाहर्ट्झला कापणारा पाच पार्टचा लो-पास (खालचं सोडणारा, वरचं अडवणारा) फिल्टर, ५० ओहमच्या हिशोबाने. दोन टोकांना साधारण २४६ पिकोफॅरॅड, मधे ७९६, आणि दोन्ही कॉइल १.६ मायक्रोहेन्रीच्या. हे आकडे गणितातले, प्रत्यक्षात २४० आणि ८२० लावा, काही बिघडत नाही. फक्त कपॅसिटर सी-झीरो-जी जातीचे घ्या, ते मिळणारे स्वस्तातले पिवळे-तपकिरी सिरॅमिक व्होल्टेज आणि तापमान बदललं की आपली किंमतही बदलतात. एवढ्याने २१ मेगाहर्ट्झवरचं तिसरं हार्मोनिक चाळीसेक डेसिबलने (दर दहा डेसिबलला पॉवर दहावा हिस्सा) खाली जातं, ते मुळातच साडेनऊ डेसिबल खाली होतं, म्हंजे एकूण पन्नासच्या आसपास. आणि ७ वर नुकसान किती, जेमतेम एक डेसिबल.

कॉइलसाठी टी-५० मापाचा लाल रंगाचा टोरॉइड, म्हंजे लोखंडाच्या पावडरीची मेदुवड्यासारखी रिंग, त्याच्यावर एनॅमलच्या तारेचे १८ वेढे. ह्या कोअरचा हिशोब असा की वेढ्यांचा वर्ग करायचा आणि ४.९ ने गुणायचं, नॅनोहेन्री मिळतात. १८ चा वर्ग ३२४, गुणिले ४.९, साधारण १५८८, म्हंजे १.६ मायक्रोहेन्रीच की. आता इथे सगळे एक चूक करतात आणि भाचीनेही केली. तार रिंगच्या भोकातून नुसती आरपार गेली की तो पहिला वेढा झाला, बाहेरून गुंडाळलेली दिसली नाही तरी. ती म्हणे ही तर नुसती घातलीये, मोजायची कशाला, आणि पुढे १८ घातले, झाले १९. वर्गाचा मामला असल्यामुळे एका जास्तीच्या वेढ्याने १.६ चं १.७७ झालं, फिल्टर खाली सरकला आणि ७ मेगाहर्ट्झचाच सिग्नल खायला लागला. दोन तास आम्ही कोडमधे चूक शोधत होतो! शेवटी भिंगाखाली रिंग धरून आतल्या बाजूने टाचणीने एकेक तार मोजली तेव्हा कळलं. मोजायचं नेहमी आतून.

आता मुद्दा असा की हा फिल्टर ७ पुरता झाला. उद्या तिला १४ वर जायचंय तर हा फिल्टर १४ ला अडवणार. मग ३० ला कापणारा एकच मोठा फिल्टर लावू म्हटलं तर ७ चं २१ त्यातून हसत निघून जातं. म्हंजे दर बँडला वेगळा फिल्टर, सुटका नाही. गंमत बघा, हा आकडा तीन इथे पिच्छा सोडतच नाही. जुन्या रेडिओत गँग कंडेन्सर असायचा, बटण फिरवलं की पात्यांत पाती शिरायची. त्याची कपॅसिटी आजूबाजूची भटकी धरून समजा ४० ते ५२० पिकोफॅरॅड, तेरापट. पण फ्रिक्वेन्सी बदलते वर्गमुळाने, म्हंजे साडेतीनपटच. म्हणून १ ते ३ मेगाहर्ट्झला एक कॉइल, ३ ते ९ ला दुसरी, ९ ते २७ ला तिसरी, आणि म्हणून त्या रेडिओंना बँड बदलायचा तो कडक खटका असायचा जो आम्ही लहानपणी उगाचच फिरवत बसायचो आणि ओरडा खायचो. चिपने गँग कंडेन्सर घालवला पण खटका नाही घालवला. खटका आता फिल्टरवर आलाय, आणि तुमच्या लेखात तो खटकाच नाही.

रिसीव्हर करणाऱ्यांनी आपण सुटलो असं समजू नये. लेखाच्या दुसऱ्या भागात हीच चिप ऑसिलेटर, म्हंजे फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग, म्हणून एनई ६०२ मिक्सरला (दोन फ्रिक्वेन्सींचा फरक काढणाऱ्या चिपला) जोडून डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर दिलाय. आयडिया छान आहे, ७.०५० वर ऑसिलेटर ठेवला आणि ७.०५१ वर कोणी मोर्स बडवत असेल तर फरकाची एक किलोहर्ट्झची शिट्टी कानात. पण मिक्सर आतून स्विचसारखा चालतो, त्यामुळे ऑसिलेटर ७ वर असताना तो २१ वरचंही ऐकतो आणि तुम्हाला वाटतं ७ वरच कोणीतरी बोलतंय. मिक्सरच्या आधी फिल्टर घातला की हे भूत जातं. तोच फिल्टर, तेच १८ वेढे. शिवाय दोन बारीक गोष्टी. एनई ६०२ ला पॉवर साडेचार ते आठ व्होल्ट चालते, चित्रात ९ व्होल्टची बॅटरी थेट दाखवलीये ती कृपया दुरुस्त करा. आणि त्याच्या सहा नंबरच्या पिनला ऑसिलेटरचे दोनशे-तीनशे मिलिव्होल्ट पुरतात, चिप देते तीन व्होल्टच्या वर, म्हणून मधे दोन रेझिस्टर टाकून ते खाली आणा. नाहीतर शिट्ट्याच शिट्ट्या, आणि मग मुलं म्हणतात रेडिओत काही दम नाही.

लो-पॉवरचंही एक बोलायचंय, कारण त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि लेखात दोन्हींची खिचडी झालीये. एक म्हंजे हवेत कमी पॉवर सोडणं आणि दुसरं म्हंजे बॅटरी कमी खाणं. ही चिप पहिल्या अर्थाने लो-पॉवर आहे, दुसऱ्या अर्थाने काही खास नाही, २०-२५ मिलिअँपिअर खाते. एनई ६०२ फक्त अडीचच्या आसपास खातो, एलएम ३८६ अँप्लिफायर गप्प बसला असताना चारेक. म्हंजे बॅटरी खाणारा राक्षस ऑसिलेटरच. ३ व्होल्टचा चपटा बटण सेल, तो २०३२ वाला, त्यात २२० मिलिअँपिअर-अवर असतात म्हणून नऊ-दहा तास चालेल असा हिशोब लेखात मांडलाय तो कागदावरच बरा. तो सेल एवढा करंट सतत देऊच शकत नाही, व्होल्टेज बसतं आणि मायक्रोकंट्रोलर दर थोड्या वेळाने नव्याने जन्म घेतो.

त्याहून वाईट म्हंजे बोर्डावरचा रेग्युलेटर, व्होल्टेज ठराविक ठेवणारा पार्ट. तयार बोर्डांवर बहुतेकदा एएमएस १११७ असतो, तो स्वतः काहीही न करता पाचेक मिलिअँपिअर पितो आणि त्याला आउटपुटपेक्षा व्होल्टभर जास्तीचं इनपुट लागतं. ३.३ पाहिजे तर ४.४ द्या. लिथियम सेल बहुतेक वेळ ३.७ च्या आसपास असतो, म्हंजे कधीच पुरत नाही. वर एक लाल एलईडी सतत जळत असतो, मी आहे मी आहे म्हणत, त्याचे एक-दोन मिलिअँपिअर वेगळे. भाचीच्या बोर्डावर आम्ही एलईडीचा रेझिस्टर काढला आणि रेग्युलेटरच्या जागी एमसीपी १७०० बसवला, जो स्वतःसाठी दीड-दोन मायक्रोअँपिअर घेतो, मिली नाही मायक्रो, आणि थोड्याशा जास्तीच्या व्होल्टेजवर भागवतो. पाय वेगळ्या क्रमाने आहेत, बघून लावा, पहिला आम्ही उलटा लावून जाळला. कोणी सुचवेल की बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज चढवणारं सर्किट) लावा, सेल पार संपेपर्यंत वापरता येईल. ट्रान्समीटरला एकवेळ ठीक, रिसीव्हरला नको, त्याच्या स्विचिंगची कुरकुर मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हभर पसरते आणि मग तुम्ही स्वतःचाच रेडिओ ऐकत बसता.

ब्रेडबोर्डबद्दल मी लेखकाशी भांडणार नाही, ७ मेगाहर्ट्झपर्यंत चालतं. एक सेंटिमीटर वायर म्हंजे ढोबळमानाने १० नॅनोहेन्री, ७ वर त्याचा अडथळा अर्धा ओहमसुद्धा नाही, पण १०० वर सहा ओहम होतो, आणि तुमची ग्राउंडची वायर जर दहा सेंटिमीटरची असेल तर ते ग्राउंड राहतच नाही. त्यामुळे १६० पर्यंत जाणारं मॉड्यूल ब्रेडबोर्डवर १६० पर्यंत जात नाही. तांब्याच्या कोऱ्या बोर्डावर चिप उलटी चिकटवून करा, दिसतं गबाळं पण चालतं.

अँटेनाचंही तसंच. ३०० भागिले मेगाहर्ट्झ केलं की तरंगलांबी मीटरमधे मिळते, तिचा पाव भाग म्हंजे साधी अँटेना. ७ ला पावणेअकरा मीटर, १०० ला ७५ सेंटिमीटर. एकच वायर सगळीकडे चालेल हे लेखातलं वाक्य ऐकण्यापुरतं खरं आहे, शॉर्टवेव्हवर आभाळातूनच इतका गोंगाट येतो की आखूड वायरनेही फारसं बिघडत नाही. पाठवण्यापुरतं खरं नाही. आणि परवाना नसेल तर पाठवायचंच नाहीये, तेव्हा अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हंजे सिग्नल हवेत न सोडता जिरवणारे रेझिस्टर लावा, १०० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर, झाले ५०. दहा मिलिवॉटला पाव वॉटचे पुरून उरतात. त्याच्यावर डायोड आणि कपॅसिटर लावून मीटरने मोजलं तर एक व्होल्टच्या जरा खाली काहीतरी दिसलं पाहिजे, कारण ५० ओहममधे १० मिलिवॉट म्हंजे शिखरावर बरोब्बर एक व्होल्ट, आणि डायोड आपला थोडा वाटा ठेवून घेतो.

माझी मागणी फार नाहीये. हे सदर बंद करू नका, उलट वाढवा. फक्त जिथे ऑसिलेटर छापाल तिथे त्याच्या पुढचा फिल्टर त्याच पानावर छापा, वेढ्यांच्या आकड्यासकट, आणि पुढच्या अंकात ह्या मॉड्यूलसाठी निदान ७ आणि १४ चे दोन फिल्टर पुरवणी म्हणून द्या. जागा नाही असं म्हणू नका, लेखाबरोबर चिपचा जो भलामोठा फोटो होता त्याच्या अर्ध्या जागेत मावतील.

ता. क. : परवा आम्ही ७.०५० लावून, सलग ट्यूनिंगवाला शॉर्टवेव्ह रेडिओ २१.१५० वर ठेवला. फिल्टरशिवाय रेडिओ गप्प. फिल्टर मधे जोडला, आतून मोजलेल्या १८ वेढ्यांचा, तर २१.१५० वर भरपूर सूऽऽ, आणि ७.०५० वर मात्र पहिल्यासारखाच गप्प. भाचीने लगेच १४ चा फिल्टर करायला घेतला होता, पण तार संपलीये.

आपला,
एक जुना वाचक